न मारलेली मिठी

मराठीत मारल्याशिवाय काहीच करता येत नाही, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी निर्धास्त होतो. मित्रांना हाक मारत होतो, गप्पा मारत होतो, शर्टाला इस्त्री मारत होतो, संध्याकाळी स्टेशनपर्यंत एक फेरी मारून येत होतो. त्यात कुणाला इजा झाल्याचं ऐकिवात नाही. मग मला लहान मुलांच्या एका कार्टूनचे मराठी संवाद लिहायचं काम मिळालं, आणि कामाबरोबर एक यादी मिळाली.

मुलांच्या कानांवर पडू नयेत अशा शब्दांची ती यादी होती. पहिल्या ओळीत ‘मार’, दुसऱ्या ओळीत ‘मर’, तिसऱ्या ओळीत ‘मेल’, म्हणजे मेला, मेली, मेले वगैरे. पुढे रक्त, मुडदा, सुरा, फाशी. शेवटी एक सूचना होती, की कार्टूनचा मूळ आत्मा मात्र जपावा.

मूळ आत्मा काय होता ते सांगतो. हिंदीत तीन सिनेमे आले होते, तिन्ही फक्त प्रौढांसाठी. हिरो गोदामातला हमाल. पोती ओढायचा लोखंडी आकडा कायम त्याच्या हातात, आणि पोती सोडून बाकी सगळ्यात तो आकडा घुसायचा. सुरुवातीलाच गुंड त्याच्या आईला गोळ्या घालतात, मग भावाला मारतात, आणि उरलेले अडीच तास हिरो सूड घेतो. पहिला भाग मी मुलुंडला मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. किती माणसं गेली ते मोजत होतो. मध्यंतरात समोसा खाताना मोजणी चुकली आणि मी नाद सोडला. सिनेमे तुफान चालले. तेव्हा कुणा थोर माणसाच्या लक्षात आलं, की पाच ते दहा वर्षांच्या नागरिकांना हे बघता येत नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून कार्टून निघालं. त्यात आकड्याचं चुंबक झालं. ते गुंडांच्या पट्ट्याचं बक्कल ओढून त्यांच्या पँटी उतरवतं. देशी दारूचं नारळपाणी झालं. बारमध्ये नाचणारी हिरॉइन पीटीची टीचर झाली. नाच तोच, फक्त गळ्यात शिट्टी. गोळ्या लागून गेलेल्या आईचे केस पांढरे करून तिला आजी म्हणून परत आणलं आणि हातात डिंकाचे लाडू दिले. राहिला भाऊ. त्याला मारता येईना आणि सूड तर हवा. शेवटी असं ठरलं, की गुंडांनी भावाला कॅनडाला पाठवलं. दर भागाच्या सुरुवातीला आमचा हिरो मूठ आवळून गरजतो, “माझ्या भावाला कॅनडाला पाठवणाऱ्यांनो, मी तुम्हाला सोडणार नाही!” आमच्या नाहूरच्या सोसायटीत दोघांची मुलं कॅनडात आहेत. त्यांचे आईवडील महिनाभर माझ्याशी तुटक वागत होते.

चित्रात काहीही चालायचं. हिरो गुंडाला विसाव्या मजल्यावरून भिरकावायचा, तो श्रीखंडाच्या टाकीत पडायचा आणि बोटं चाटत उठायचा. आक्षेप फक्त शब्दांना होता. माझे संवाद अंधेरीच्या ऑफिसात एका शीटमध्ये जायचे, यादीतलं अक्षर दिसलं की शीट तो शब्द लाल करायची, आणि शीट सांभाळणारी सांताक्रूझची एक मुलगी मला फोन करायची. मुलगी गोड होती. माझ्या अर्ध्या वयाची आणि माझ्यापेक्षा दुप्पट समजूतदार.

“सर, ‘इमारत’ रेड आलंय.”

“का?”

“मध्ये ‘मार’ आहे ना.”

इमारतीची मी बिल्डिंग केली. ‘सुमारे’चं ‘अंदाजे’ झालं. ‘मारुती’चा ‘हनुमान’ झाला, त्याची तक्रार नसावी. ‘समारंभ’ गेला, ‘मार्ग’ गेला, ‘जमेल का’ गेलं कारण त्यात ‘मेल’ होतं. एकदा तर शीर्षकपाटीवरचा ‘मराठी’ हा शब्दच लाल होऊन आला, कारण त्याची सुरुवात ‘मर’ने होते. तिथे शीटमध्ये कारण लिहायला एक रकाना होता. मी लिहिलं, ‘भाषेचं नाव आहे. अजून जिवंत आहे.’ ते मंजूर झालं.

खरी वाट लागली ती मिठीपाशी. सहाव्या भागात हिरो संकटातून सुटून येतो आणि आजीला मिठी मारतो. मारतो, दुसरं काय करणार? मी लिहिलं, ‘मिठीत घेतो.’

“सर, ‘मिठीत घेतो’ दुसऱ्या यादीत येतं.”

“कुठल्या?”

“ती मोठ्यांची आहे.” ती जरा लाजली असावी.

‘कवेत घेतो’ तिला कवितेसारखं वाटलं, ‘आलिंगन देतो’ मला कीर्तनासारखं वाटलं. तासभर काथ्याकूट करून आम्ही ‘हग देतो’वर आलो. ज्या माणसाने सिनेमात माणसं आकड्याला टांगली, तो कार्टूनमध्ये म्हणाला, “आजी, हग दे.” मराठी भाषेचा विजय असो.

हे सगळं मी घरी चवीने सांगायचो. घरात आम्ही चौघं. बायको बँकेत, मुलगी तिसरीत, आणि माझी आई. आई मालवणकडची. लग्न होऊन गिरणगावात आली, वडिलांची गिरणी बंद झाल्यावर घाटकोपरला, आणि वडील गेल्यावर आमच्याकडे नाहूरला. तीन घरं बदलली, भाषा बदलली नाही. आणि तिच्या भाषेत ज्याच्यावर जीव आहे त्याला मेल्या म्हणायचं, ज्याच्यावर फारच जीव आहे त्याला मुडद्या. मी शाळेतून भिजून आलो की “मेल्या, डोक्या पूस”, परीक्षेत पास झालो की “मेल्या, पास झालंस!” वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी चार दिवस घरी नीट जेवलो नाही, तेव्हा ती ताट समोर ठेवून एवढंच म्हणाली, “जेव रे मेल्या.” माझं खरं नाव ती फक्त रेशनकार्डासाठी वापरायची.

कार्टूनमधल्या आजीच्या तोंडी मी हा शब्द कधी घातला नाही. यादीमुळे नाही, मला सुचलंच नाही. कारण घरातून तो शब्द मी स्वतःच वर्षभरापूर्वी काढून टाकला होता.

झालं असं, की मुलगी दुसरीत असताना शाळेतून बोलावणं आलं. तिने बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला म्हटलं होतं, “मेल्या, खोडरबर दे ना.” टीचर फार गंभीर होत्या. म्हणाल्या, “तिने त्याला डेथ विश दिली.” तो मुलगा तिथेच बसला होता, पाठीवर आमच्या हिरोचं दप्तर, दप्तरावर हिरोच्या हातात हाताएवढं चुंबक आणि त्याला उलटा लटकलेला गुंड. मला तेव्हाच हसायला हवं होतं. पण मी सॉरी म्हणालो, दोनदा म्हणालो, आणि घरी येऊन आईला सांगितलं, “आई, पोरीसमोर ते मेल्या, मुडद्या बंद कर बघू. शाळेत तमाशा होतो.”

“बरां,” आई म्हणाली.

तिने एकदाच विचारलं, “मगे काय म्हणू?” मी म्हटलं, “नाव घे ना तिचं.” तेव्हापासून आई नातीचं नाव घ्यायला लागली आणि नातीशी बोलायची थांबली. मुद्दाम नाही. सरळ नावाने हाक मारल्यावर पुढे काय बोलायचं, ते तिला सुचायचं नाही. मुलगी शाळेतून यायची, कार्टून लावायची, आणि कार्टूनमधल्या आजीबरोबर तोंडपाठ म्हणायची, “लाडू खा, ताकद वाढव!” तिची स्वतःची आजी मागच्या खुर्चीत लसूण सोलत बसलेली असायची. आम्हाला वाटायचं, बरं झालं, घर शांत झालं.

मग कार्टूनमधल्या आजीला आवाज देणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या. नव्या आजीचा शोध सुरू झाला. डबिंगचा आमचा दिग्दर्शक वैतागला होता, पंचविशीतल्या मुली यायच्या आणि थरथरत्या आवाजात बोलायच्या, तो म्हणायचा, “यार, ही आजी आहे की शेळी?” अशाच एका दुपारी मी स्टुडिओत त्याच्यासमोर बसलो होतो. फोन वाजला, हात चहात गुंतलेला म्हणून मी स्पीकर लावला.

“मेल्या, डबो हयच विसरलंस! आता दोपारी काय दगड खातलंस?”

मुलगी शाळेत होती. आईने संधी साधली होती.

दिग्दर्शक उभाच राहिला. “कोण ही?”

“आई माझी. सॉरी हां.”

“सॉरी काय? बॉस, झकास! हीच आपली आजी!”

मला वाटलं आई नाही म्हणेल. मी संध्याकाळी भीत भीत सांगितलं, की एका आकडेवाल्याचं कार्टून आहे, त्याच्या आजीचा आवाज हवाय. तिने आधी, “आकडेवालो म्हंजे? मटक्याचो?” असं विचारून घेतलं. मग बराच वेळ लसूण सोलली. नात टीव्हीसमोर पालथी पडली होती, तिच्याकडे बघत आई हळूच म्हणाली, “कार्टुनातसून तरी ती माजा आयकात.”

मला ते लागलं. मी हसून वेळ मारून नेली. हाही एक मारण्याचाच प्रकार.

आम्ही ठरवलं, मुलीला आधी काही सांगायचं नाही. भाग लागेल तेव्हा तिने आवाज ओळखायचा आणि उडी मारायची. आईला या बेताचं इतकं कौतुक, की ती नात दिसली की तोंडावर पदर धरून हसायची.

पहिल्या दिवशी तिने कपाटातली हिरवी साडी नेसली. कानांवर हेडफोन चढवताना केसांची वेणी विस्कटली म्हणून तिने दिग्दर्शकाला झापलं, तो खूश झाला. पहिलं वाक्य होतं, ‘बाळा, लाडू खा आणि त्या दुष्टांना चांगला धडा शिकव.’ पडद्यावर हिरो आला. आई म्हणाली, “मेल्या, लाडू खा आदी!” काचेपलीकडे सगळे हसले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने ‘बाळा’ म्हटलं, पण ते असं आलं, जणू रेशनच्या रांगेत अनोळखी माणसाला जरा सरकायला सांगतेय. आणि लगेच मागून, सवयीने, “मेल्या.”

मी सांताक्रूझच्या मुलीला फोन केला. रकान्यात काय वाटेल ते लिहून देतो म्हणालो. बोलीभाषेतला प्रेमाचा शब्द, कोकणात सर्रास, कुणी मरत नाही.

“सर, मला माहितीये. माझी आजी पण मला मेले म्हणायची.” ती म्हणाली. “पण ती शीट भरत नव्हती ना.”

वरून निरोप आला, की आवाज उत्तम, शब्द नको. शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसरी आजी बघू. ज्या शब्दामुळे आईला बोलावलं, तोच शब्द टाकून ये, असं त्यांचं म्हणणं. आई मात्र भडकली नाही. घरी येताना मेट्रोत तिने मला एवढंच विचारलं, “तुका जन्मापासून मेल्या म्हणतंय. जितो आसस मां आजून?”

“आहे.”

“मगे?”

वर्षापूर्वीही जिवंत होतो, तरी मी तिला तो शब्द बंद करायला लावला होता.

शनिवारपर्यंत तिने सराव केला. आईने आयुष्यात एवढ्या हट्टाने काही केलं नव्हतं. तिला आपला आवाज नातीच्या कानावर घालायचाच होता. सकाळी दूधवाल्याला बाळा, वॉचमनला बाळा, भाजीवाल्याला बाळा. कढीपत्ता जादा दे रे बाळा. चूक झाली की स्वतःच्याच तोंडावर टिचकी मारायची. आणि मलाही. “बाळा, चाय घे. बाळा, दार लाव.” तिच्या पोटचा मी, पण पाहुणा झाल्यासारखं वाटायला लागलं. एकदा मी ठेच लागून कळवळलो, तेव्हासुद्धा ती म्हणाली, “जपून रे बाळा.” ठेचेपेक्षा ते जास्त दुखलं.

शनिवारी आई एका दमात सगळं बोलली. एकही शब्द लाल झाला नाही. शुद्ध, गोड, साखरेच्या पाकासारखा आवाज. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या, पण माझ्याकडे बघून जरा खांदे उडवले. आईने विचारलं, “झाला?” तो म्हणाला, “झाला, मावशी. परफेक्ट.”

महिन्याभराने रविवारी संध्याकाळी तो भाग लागला. आईने पुन्हा हिरवी साडी नेसली. टीव्ही तिने कितीदा तरी पाहिलाय, पण त्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मुलगी नेहमीसारखी पालथी. गुंड आले, पँटी उतरल्या, भाऊ कॅनडात राहिला. मग आजी आली. “बाळा, लाडू खा आणि त्या दुष्टांना चांगला धडा शिकव.”

आई टीव्हीकडे बघतच नव्हती. ती नातीच्या पाठीकडे बघत होती.

पाठ हलली नाही. आजीची दोन वाक्यं झाली, तीन झाली. “बाळा, घाबरू नकोस, मी आहे ना.” शेवटी मलाच राहवलं नाही. मी विचारलं, “काय गं, आवाज ओळखला का?”

“हो. नवीन आजी आहे. पहिली गेली वाटतं.”

“अगं, ही आपली आजी आहे! आपल्या घरातली!”

मुलीने वळून आईकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग पुन्हा आईकडे. मी तिची फिरकी घेतोय असं तिला वाटलं. “काहीही हां, बाबा. आपली आजी अशी नाही बोलत.”

“मग कशी बोलते?”

ती माझ्याकडे बघून थांबली. घरातला नियम तिला पाठ होता. मग आवाज अगदी बारीक करून ती म्हणाली, “आपली आजी मेल्या म्हणते. आता नाही म्हणत. आधी म्हणायची.”

वर्षभर ज्याला मी शांतता म्हणत होतो, ती या पोरीने आपल्या परीने मोजून ठेवली होती. मी दिवसभर एका शीटला हसायचो, आणि माझ्या घरातली शीट मीच भरत होतो. मला रडू आलं, आणि त्यात टीव्हीवर तो हमाल ओरडत होता, “आजी, हग दे!”

आई खुर्चीतून उठली. पदराने डोळे पुसले की नाक, कळलं नाही. ती स्वयंपाकघराकडे निघाली तशी मुलगी ताडकन उठली, धावत गेली आणि तिने आजीला मागून मिठी मारली. मारली असंच मी लिहिणार, कुणाला लाल करायचं असेल त्याने करावं.

“आजी,” मुलगी म्हणाली, “थांब ना गं, मेल्या.”

आई थांबली. तिने नातीचे हात सोडवले, वळली, आणि कडक चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं.

“मेल्या नाय गो, मेले,” ती म्हणाली. “झिलाक मेल्या, चेडवाक मेले. शाळेत काय शिकवतत तुका?”

“मेले,” मुलीने म्हणून बघितलं.

“हां. तसा.”

“मेले, मेले, मेले,” मुलगी नाचत म्हणाली, आणि आई महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने हसली. मी टीव्ही बंद केला. तेवढ्यात आईचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“आनी तू काय बगत रवलंस, मेल्या? उठ, पानां वाड.”

मी उठलो आणि पानं वाढायला घेतली.